अलक स्पर्धा, विषय ‘या जगाबाहेरची जागा’: ग्रहाची कथा पाठवू की पातालपानीची?

ओटल्यावरून (इंदूर)

नमस्कार मंडळी. इथलं वाचत बरीच वर्षं झाली, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, कारण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

एका दिवाळी अंकाने अलक, म्हणजे अति लघुकथा, स्पर्धा ठेवली आहे. विषय ‘या जगाबाहेरची जागा’. कथा 300 शब्दांच्या आत, अप्रकाशित, युनिकोडमध्ये, फाइलवर नावगाव नको. माझ्यापाशी 11 दिवस आहेत आणि कथा दोन. पाठवता येते एकच.

पहिली लिहून झाली आहे. दोन सूर्य असलेला ग्रह. तिथे प्रत्येकाला दोन सावल्या पडतात आणि दुष्काळात माणसं एक सावली गहाण टाकून पाणी आणतात. ग्रहाला नाव दिलं, दोन्ही सूर्यांना दिलं, नद्यांना, महिन्यांना, पाणी विकणाऱ्या जमातीला दिलं. शब्द झाले 640. भाचा म्हणतो, मावशी, विषय बघ, हीच पाठव. 340 शब्द काढायचे एवढंच काम उरलंय.

दुसरी चार ओळींपलीकडे गेलेली नाही. ती जागा, पातालपानी, तर याच जगातली. इंदूरच्या रामबागेतून निघालं की सवा तासात पोचतो.

माझे वडील, नाना, महूला रेल्वेच्या छोट्या लाइनवर, म्हणजे मीटरगेजवर, गार्ड होते. 1961 ते 1985, 24 वर्षं. पातालपानी सोडलं की गाडी घाटात उतरते आणि खाली कालाकुंड स्टेशन लागतं. धाकटे काका कालाकुंडला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. मे महिन्याची सगळी सुट्टी आम्ही मुलं त्यांच्या क्वार्टरमध्ये काढायचो. चोरल नदीत डुंबायचं, पळसाच्या पानातला कलाकंद खायचा. रात्री जेवणं झाली की फलाटाच्या टोकाला जाऊन बसायचं. वर डोंगरात नानांच्या गाडीची बत्ती दिसायची. बोगद्यात शिरली की विझायची, मग खाली दुसरीकडेच पेटायची. मधला डोंगर काळा ठिक्कर. मी मनात आकडे मोजायचे. विझल्यापासून पेटेपर्यंत एखाद्या रात्री नेहमीपेक्षा जास्त मोजावे लागले की पोटात गोळा यायचा.

आणि घाट उतरण्याआधी गाडी एका ठिकाणी थांबायची. तिथे टंट्या मामांचं ठाणं, म्हणजे पूजेची जागा, आहे. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्ल यांना 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिली, आणि देह इथे रुळांजवळ आणून टाकला असं आमच्याकडे सगळे सांगतात. गाडी त्यांना सलामी देऊन पुढे जायची. लोक खिडकीतून हात जोडायचे, कोणी नाणं टाकायचं, कोणी खाली उतरून नारळ फोडायचं. आईने आम्हाला एवढंच शिकवलं होतं की तिथे गाडी उभी असेतो बोलायचं नाही. भरलेला डबा, कोंबड्या, टोपल्या, तान्ही पोरं, आणि तरी शांत. तशी शांतता मी पुन्हा देवळातसुद्धा ऐकली नाही.

नाना 2009 साली गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रात्र काढणार नाहीत. नाना त्यानंतर पाच दिवस होते. शुद्ध नव्हती, पण श्वास एका लयीत चालला होता. मी उशाशी बसून पुन्हा आकडे मोजत होते.

आता कथा. त्या थांब्यावर गाडी एक मिनिट उभी राहते, पण घड्याळ पुढे सरकत नाही. ते मिनिट कुणाच्याच हिशेबात जात नाही. नानांची घरखर्चाची वही असायची, प्रत्येक पानाच्या तळाशी ते ‘बाकी’ लिहायचे. माझ्या कथेतला गार्ड ही मिनिटं वहीत जमा करत जातो. मी पाचवी ते आठवीला गणित शिकवलं, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवेना. वर्षाला 300 फेऱ्या, 24 वर्षं, म्हणजे 7200 मिनिटं. म्हणजे 120 तास. म्हणजे पुरते पाच दिवस. आकडा जुळला तेव्हा मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले.

माझे प्रश्न असे. पातालपानीसारखी जागा, जिथे लोक रविवारी धबधबा बघायला जातात, ती परीक्षकांना ‘या जगाबाहेरची’ वाटेल का? हा हिशेब कथेत लिहायचा की नाही? आणि भाषेचं काय? आम्ही ‘छोटी लाइन’ म्हणतो, ‘बत्ती’ म्हणतो. परीक्षक बहुधा पुण्या-मुंबईचे असतील, त्यांना हे अशुद्ध वाटेल का?

काटछाट (पुणे)

ताई, दुसरी. दोनदा विचार करू नका.

मी मुद्रितशोधनाची कामं करतो आणि दोन वर्षं एका स्पर्धेच्या पहिल्या चाळणीला बसलो आहे. तिथे आलेल्या कथांपैकी कितीतरी धुक्याने सुरू व्हायच्या. ‘त्याने डोळे उघडले तेव्हा सगळीकडे धुकं होतं.’ मग एक दरवाजा, एक म्हातारा, आणि शेवटी जाग येते. मजकूर वाईट नसायचा, पण बंद केल्यावर कुठली कथा कुठली ते आठवायचं नाही. तुमच्या या धाग्यातलं विझणारं-पेटणारं मी सकाळी वाचलं आणि दुपारी जेवताना ते डोळ्यांपुढे होतं.

कारण साधं आहे. ग्रह उभा करायचा तर हवा, पाणी, माणसं, नावं सगळं तुम्हालाच पुरवावं लागतं, आणि शब्द 300. नाव आलं की वाचक ते लक्षात ठेवायला जातो. चौथ्या नावाला तो थकतो. आगगाडी, घड्याळ, गप्प बसलेला डबा हे सामान वाचकाच्या घरात आधीपासून आहे, त्याला तुमचा एकही शब्द खर्च होत नाही. सगळं नेहमीचं ठेवून तुम्ही फक्त एका मिनिटाचा खिळा ढिला केला आहे. या आकाराच्या कथेत तेवढंच मावतं.

हिशेब लिहू नका. 24 वर्षं सांगा, थांबा सांगा, पाच दिवस सांगा. गुणाकार वाचकाला करू दे. त्याने स्वतः केला तर तोही तुमच्यासारखा खाली बसेल.

भाषेचा मुद्दा कुणीतरी तिकडचंच माणूस जास्त चांगला सांगेल. मी कामाचं सांगतो.

कथा इथे टाकू नका. मुद्दा सांगितलात ते ठीक, पण पूर्ण मजकूर इथे आला की तो सगळ्यांना दिसतो आणि बरेच आयोजक त्याला ‘प्रकाशित’ धरतात. फेसबुकचंही तेच, आणि मोठ्या व्हॉट्सॲप गटाचंही. दाखवायची असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

नियमांत हक्कांची ओळ शोधा. ‘प्रथम प्रसिद्धीचा हक्क’ असेल तर उत्तम. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असेल तर आधी पत्र टाकून विचारा. वडिलांची गोष्ट आहे, उद्या पुस्तकात घ्यायची झाली तर कुणाची परवानगी मागायला लागू नये. शीर्षक 300 मध्ये धरतात का तेही विचारून घ्या.

आणि एक गोष्ट फार थोडे लोक बघतात. शब्दमोजणी दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर चालते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितात. हिंदीत ‘पुल के नीचे से’ हे चार शब्द, आपल्याकडे ‘पुलाखालून’ हा एक. इंदूर-ग्वाल्हेरकडून येणाऱ्या मजकुरात हिंदीच्या सवयीने ‘डब्या मध्ये’, ‘नाना नी’, ‘गाडी च्या’ असं तुटलेलं बरंच असतं. मोबाइलचा कीबोर्डही पुष्कळदा तसंच सुचवतो. सगळं जोडून घ्या. शुद्ध तर होईलच, वर दहा-वीस शब्द परत मिळतील. 300 मध्ये वीस शब्द म्हणजे एक प्रसंग.

खंडवेकर (खंडवा)

ताईंना नमस्कार. वय वर्षं 78, नोकरी रेल्वेत गेली, त्यातली बरीचशी याच मीटरगेजवर. तुमचे नाना माझ्या आधीचे. ओळख असेलही, पण इथे नावं नकोत.

काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असायला हव्यात.

पातालपानी ते कालाकुंड अंतर दहा किलोमीटरला जरा कमी, आणि चढ 40 ला 1. म्हणजे 40 फूट पुढे गेलात की एक फूट खाली. रेल्वेला हा फार तीव्र. चढताना कालाकुंडहून गाडीच्या मागे आणखी एक इंजिन लागायचं, त्याला बँकर म्हणतात. उतरताना मात्र सगळा भार ब्रेकवर. म्हणून घाटाच्या माथ्यावर उतरती गाडी थांबवून ब्रेक तपासायचेच, हा कामाचा भाग. मामांचं ठाणं तिथेच. ड्रायव्हर ब्रेक तपासायचा आणि हातही जोडायचा. माझ्या सगळ्या नोकरीत, आधी सलामी की आधी ब्रेक, हा प्रश्न कुणी काढलेला मी ऐकला नाही.

आता गार्ड त्या वेळी काय करत असायचा ते ऐका. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यात, भिंतीवर एक गोल मापक असायचं, अगदी घड्याळासारखं, पण काटा व्हॅक्यूम दाखवायचा, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा किती ओढली गेली आहे ते. ड्रायव्हरने व्हॅक्यूम सोडला की काटा पडायचा आणि ब्रेक चाकं धरायचे. मग इंजिन पुन्हा व्हॅक्यूम ओढायला लागायचं आणि काटा हळूहळू वर चढायचा. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नळी धड आहे याची खात्री गार्डला त्या काट्यावरून व्हायची. काटा जागेवर आल्याशिवाय तो हिरवी बत्ती दाखवत नसे. म्हणजे त्या थांब्यात तुमच्या नानांची नजर खिशातल्या घड्याळावर नसणार. ती काट्यावर असणार. त्यांच्यासमोर दोन घड्याळं होती म्हणा, एक वेळेचं आणि एक श्वासाचं. तुमच्या गोष्टीत घड्याळ थांबतं. माझं म्हणणं, त्याने घड्याळाकडे पाहिलेलंच नसावं. काटा चढेपर्यंत पाहिलं नाही, आणि नंतर पाहिलं तर वेळ तीच.

गार्डची जी वही असते तिला रफ जर्नल म्हणतात. कुठलं स्टेशन किती वाजता आलं, किती वाजता सुटलं, उशीर का झाला, सगळं तीत लिहावं लागतं. मिनिटाचा हिशेब द्यायला लावणारी ही नोकरी. तुमच्या गोष्टीला गार्ड फार चपखल आहे, स्टेशन मास्तर असता तर जमलं नसतं.

पण तुमचे 300 चुकले. गार्ड रोज गाडीवर नसतो. ड्युटी, रेस्ट, रजा, आजारपण. शिवाय थांबा फक्त उतरताना, चढताना नाही. वर्षाला 150 उतरत्या फेऱ्या धरल्यात तर तेच खरं मानायला हरकत नाही. वाईट वाटू देऊ नका, पण हिशेब निम्म्यावर येतो.

ओटल्यावरून (इंदूर)

खंडवेकर काका, तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. ‘एक वेळेचं आणि एक श्वासाचं’ वाचून रडले. रुग्णालयात नानांच्या उशाशी जे यंत्र होतं त्यावरही एक आकडा चढत-उतरत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते, भिंतीवरच्या घड्याळाकडे नाही. हे मला 16 वर्षांत सुचलं नव्हतं.

पण हिशेब. 150 गुणिले 24 म्हणजे 3600 मिनिटं. अडीच दिवस. भाचा म्हणतो, कथाच आहे ना, अडीच दिवस लिही, कोण बघायला आलंय. मला ते जमत नाही. नाना पाच दिवस होते. कथेतलं बाकी सगळं मी बदलीन, ते पाच दिवस बदलणार नाही.

दोन दिवस काही लिहिलं नाही. मग काल संध्याकाळी आईपाशी बसले. आई 85 ची आहे, मागचं सगळं तिला लख्ख आठवतं. तिला विचारलं, आई, पातालपानीला गाडी किती वेळ थांबायची गं? एक मिनिट ना?

आई म्हणाली, “एका मिनिटात नारळ फुटतो का? उतरायचं, दगड शोधायचा, फोडायचा, मामांपुढे ठेवायचा, वर चढायचं. दोन मिनिटं. दोनाच्या वर एक नाही, तुझे नाना राहूच द्यायचे नाहीत.”

दोन मिनिटं. 150 फेऱ्या, 24 वर्षं. 7200.

काका, दोन मिनिटं बरोबर आहेत का? काटा चढायला तेवढा वेळ लागतो?

खंडवेकर (खंडवा)

लांब गाडी असेल तर लागतो. नळीत कुठे थोडी गळती असेल तरी लागतो. वहिनींना नमस्कार सांगा. त्यांचं घड्याळ बरोबर आहे.

गोरखचिंच (धार)

काकू, मी उशिरा येते आहे, पण दोन-तीन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, ग्रहाची कथा फेकू नका. काटछाट यांचं पटतं की स्पर्धेला पातालपानी पाठवावी. पण पाणी आणायला सावली गहाण टाकणारी माणसं हे फार ताकदीचं आहे. त्याला ग्रह लागतच नाही. दुसरा सूर्य काढून टाका. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभी असलेली एक बाई घ्या, जिला सावलीच पडत नाही, आणि रांगेतल्या कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. एकही नाव देऊ नका. पुढच्या वर्षी हीच पाठवा.

मी मांडूच्या रस्त्यावर राहते. आमच्याकडे गोरखचिंचेची झाडं आहेत, मूळ आफ्रिकेतली. चार माणसांच्या कवेत न मावणारं खोड, वर्षातले कितीतरी महिने पान नाही, जसं कुणी झाड उपटून मुळं वर करून लावलंय. बाहेरून आलेले लोक त्याखाली उभे राहून म्हणतात, या जगातलं वाटत नाही. माझ्या शाळेतल्या पोरांना ते ‘मांडूची इमली’ म्हणजे दगड मारून फळ पाडायचं झाड. मी जेव्हा पाहुण्याच्या डोळ्यांनी लिहायला गेले तेव्हा नुसती विशेषणं आली. पोरांच्या डोळ्यांनी लिहिलं तेव्हा झाड आलं. तुमची मुलगी त्या डब्यात नेहमीची आहे, तिला गप्प बसायचं ठाऊक आहे, का ते ठाऊक नाही. तिलाच बोलू द्या. ‘गूढ’, ‘विलक्षण’, ‘अद्भुत’ हे शब्द तिच्या तोंडी येणार नाहीत, त्यामुळे तेवढे वाचलेच.

दुसरी गोष्ट जरा जपून सांगते. आमच्या भागात मामा हे कुणा जुन्या गोष्टीतलं पात्र नाही. माझ्या वर्गातल्या भिल्ल मुलांच्या घरी त्यांचा फोटो असतो, त्यांच्या नावाने नवस बोलतात. त्यांना कथेत भूत करू नका, आणि ती मिनिटं ‘मामांनी दिली’ असंही लिहू नका. गाडी त्यांच्यासाठी थांबायची एवढं खरं आहे, ते तसंच राहू द्या. चमत्कार गार्डच्या वहीत होऊ दे. तुम्ही तो तिथेच ठेवला आहे हे मला दिसतंय, पण 300 शब्दांत काटताना चुकून सरकतो, म्हणून सांगितलं.

आणि भाषा. ‘छोटी लाइन’ बदलून तुम्ही ‘मीटरगेज लोहमार्ग’ लिहिलंत तर ती मुलगीच खोटी होईल. पुण्यातल्या परीक्षकाला ‘बत्ती’ समजत नाही असं थोडंच आहे? आपली माणसं या माळव्यात होळकरांच्या फौजेबरोबर आली, इथेच राहिली. अडीच-तीनशे वर्षांत जी भाषा तोंडात बसली ती अशुद्ध कशी? प्रत्यय जोडून लिहा, ऱ्हस्वदीर्घ नीट लिहा. शब्द मात्र घरचेच ठेवा.

काटछाट (पुणे)

गोरखचिंच यांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. मी पुण्याचा, मला ‘छोटी लाइन’ हवी आहे.

हिशेबाबद्दल मात्र माझं मत थोडं बदललं. मी म्हटलं होतं आकडा देऊ नका. पण आता दोन मिनिटं, 150 फेऱ्या, 24 वर्षं असे तीन आकडे झाले, आणि वाचकाला शेवटी पाचावर आणायचं आहे. तेवढा गुणाकार कुणी थांबून करणार नाही. एक टेकू लागेल. वहीतली ‘बाकी’ तुमच्याकडे आहेच.

ओटल्यावरून (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते. पूर्ण कथा निकालानंतरच इथे टाकीन.

सुरुवात कालाकुंडच्या फलाटावरून होती, बत्ती मोजण्यापासून. ती सगळी काढली. फार जड गेलं, कारण मला सर्वांत लाडकं तेच होतं. पण ती दुसऱ्या कथेची जागा आहे हे लिहितालिहिताच कळलं. आता गाडी पहिल्याच वाक्यात उभी आहे आणि आईने मुलीच्या तोंडावर हात ठेवला आहे. मामांचं नाव एकदा येतं, आईच्या तोंडी, हात जोडताना. त्यानंतर नाही. ‘गूढ’ एकदा आलं होतं, काढलं.

मधला प्रसंग ब्रेकव्हॅनमध्ये. एके दिवशी नाना मुलीला बरोबर घेतात. असं खऱ्यात कधी झालं नाही, नियमात बसत नव्हतं. कथेत मी त्यांना तेवढं करायला लावलं. ती त्यांना काट्याकडे बघताना बघते. काका, तुमचं ‘श्वासाचं घड्याळ’ मी घेतलेलं नाही, ते तुमचं आहे. मी एवढंच लिहिलं की काटा वर चढेपर्यंत नाना श्वास सोडत नसत.

शेवट रुग्णालयात आहे. डॉक्टर रात्रीचं सांगून जातात. मुलगी घरून नानांची घरखर्चाची वही घेऊन येते, बिलांसाठी पैसे कुठे ठेवलेत ते बघायला. शेवटच्या पानावर दूध, वाणी, वीज, आणि तळाशी त्यांच्या अक्षरात ‘बाकी: 7200 मि.’ एवढंच. 7200 चं काय करायचं ते तिने करायचं. तिने केलं की नाही ते मी लिहिलेलं नाही. ती नर्सला फक्त म्हणते की आम्हाला ही खोली शनिवारपर्यंत लागेल. वार सोमवार आहे, हे पहिल्याच ओळीत येऊन गेलंय.

प्रत्यय जोडले. 19 शब्द परत मिळाले! हक्कांची ओळ पाहिली, प्रथम प्रसिद्धीचाच मागितला आहे. शीर्षक वेगळं धरतात, विचारून घेतलं. शीर्षक ‘बाकी’.

काल दुपारी आईला वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नारळाचं नाही लिहिलंस?”

लिहिलं होतं, शब्दांसाठी काढलं होतं. रात्री परत बसले. पहिल्या परिच्छेदात दरीतल्या धुक्याची एक ओळ राहिली होती, ती काढली आणि नारळ घातला. दगडावर फुटल्याचा आवाज, त्या गप्प डब्यात. 297 झाले. साडेअकराला पाठवून दिली.